साम्य अहवालात न दिसणारी गोष्ट

प्रबंधाच्या मजकुराचे आधीच्या लेखनाशी साम्य संगणकीय तपासणीच्या अहवालात १० टक्क्यांच्या आत निघाले की प्रबंध निर्धोक, मग एआयचा वापर कितीही असो, असे काहीजण म्हणतात; त्या मताशी मी सहमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील ती मर्यादा उचललेल्या मजकुरासाठी आहे. यंत्राने नव्याने रचलेले वाक्य त्या अहवालात बहुधा सापडत नाही आणि रचलेली आकडेवारी तर मुळीच नाही.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्याला शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्यानेच उत्तरे देतो, बोंडअळीवरच्या फवारणीचा खर्च त्याला आठवत नाही, पावती कृषी केंद्रातच राहिलेली असते आणि प्रश्नावलीतला तो रकाना रिकामा राहतो. ती रिकामी जागा हीसुद्धा माहितीच आहे, कारण उधारीवर औषध घेणाऱ्याचा हिशेब कसा हरवतो हे तीच सांगते. एआयकडून तिथे पटण्याजोगा आकडा भरून घेणे ही सरळसरळ बनावट आहे, आणि ज्याच्या नावावर तो आकडा चढतो त्या शेतकऱ्यावर अन्यायही आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी एआयकडून इंग्रजी नीट करून घ्यायला माझी हरकत नाही. प्रबंधात तसे नमूद मात्र करावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २०२३ मध्ये वापर जाहीर करण्यास आणि एआयला लेखक न मानण्यास सांगितले आहे. संदर्भसूचीतील प्रत्येक लेख उघडून पाहावा, कारण अस्तित्वातच नसलेले लेख ही साधने बेधडक सुचवतात. मार्गदर्शकांनी मौखिक परीक्षेआधी हाताने भरलेल्या मूळ प्रश्नावल्या मागवून त्यांतील आकडे तक्त्यांशी ताडून पाहावेत.