पहिली अल्ट्रा, हिवाळ्यातली आणि सोबतीने पळालेली: तुमचे अनुभव

मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरच्या पुढे, म्हणजे अल्ट्रा, पहिल्यांदाच, थंडीत आणि कुणाच्या तरी सोबतीने पळालेल्यांनी इथे लिहावं. वेळ किती लागला ते नंतर. थंडीने कुठे गाठलं आणि सोबत्याने त्या वेळी काय केलं, ते आधी सांगा. नाव नोंदवून धाकधुकीत बसलेल्या नवख्यांना नेमकं तेच हवं असतं. सुरुवात मी करते.

पुणे

माझी पहिली अल्ट्रा सिंहगड-राजगड-तोरणा, 53 किलोमीटर, डिसेंबरातली. आम्ही चौघं: मी, तळजाईवर रोज पहाटे भेटणाऱ्या दोघी मैत्रिणी आणि साठी ओलांडलेले आमचे काका.

कल्याण दरवाज्याकडून सिंहगड उतरताना अंगात चांगली ऊब होती. खरा गारठा खालच्या शिवारात भेटला. रात्रभर गार झालेली हवा जड होऊन खोऱ्यात उतरते आणि ऊन वर येईपर्यंत तिथेच बसून राहते. चढताना टी-शर्ट घामाने भिजलेला, त्यात ही हवा. एकीची बोटं इतकी बधिर झाली की तिला चिक्कीचा कागद फाडता येईना. काकांनी न बोलता कागद फाडला, तुकडा तिच्या तोंडात भरवला आणि म्हणाले, "हात काखेत घाल आणि चालत राहा. बसायचं नाही हं पोरींनो, पाणीसुद्धा चालता चालता."

त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पळताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. थांबलं की ती काही मिनिटांतच ओसरते, पण ओला कपडा अंगातली ऊब ओढत राहतो. म्हणून थंडी पळताना कमी आणि थांब्यावर जास्त लागते. काकांनी प्रत्येकीला प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक कोरा टी-शर्ट बांधून आणायला लावला होता. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला तो बदलला आणि जिवात जीव आला.

पुढे चोर दरवाज्याच्या चढाला ऊन आलं आणि संजीवनी माचीवर तर तेच ऊन भाजायला लागलं. आपल्या सह्याद्रीतल्या हिवाळ्याची ही गंमत आहे, एकाच दिवसात दोन ऋतूंची तयारी लागते. आळू दरवाज्यातून उतरून तोरण्याच्या धारेला लागलो तेव्हा कुणी फारसं बोलत नव्हतं. वाळलेल्या गवतावरून आणि मुरमाच्या घसाऱ्यावरून पाय सटकत होते. पुढची व्यक्ती फक्त "सुटा दगड" किंवा "डावीकडून" एवढं ओरडायची. तेवढ्या आवाजावर मी बुधला माची गाठली. 1403 मीटरचा तोरणा मी आधी ट्रेकला चढले होते, पण त्या दिवशी तो चौघांनी मिळून चढलेला गड होता.

ठाणे

माझी पहिली अल्ट्रा थेट कॉम्रेड्स शर्यत, जूनमधली. लोकांना वाटतं, जूनमध्ये कसली थंडी? पण दक्षिण आफ्रिकेत तेव्हा हिवाळा असतो. आमच्या वर्षी 'डाउन रन' होती, म्हणजे पीटरमारित्झबर्गहून डरबनला, जवळपास 90 किलोमीटर. पीटरमारित्झबर्ग उंचावर आहे, पहाटे तिथे हुडहुडी भरते. अंधारात हजारो माणसं टाकून द्यायचे जुने स्वेटर नाहीतर कचऱ्याची मोठी पिशवी अंगावर घालून उभी असतात. आम्ही तिघं एकमेकांना चिकटून उभे होतो. 'शोशोलोझा' हे तिथलं गाणं सुरू झालं तसं माझ्या डाव्या-उजव्या बाजूचे अनोळखी लोक गाऊ लागले. अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

ही शर्यत 1921 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली. म्हणून की काय, तिथे एकट्याने पळणाऱ्यालाही कुणी एकटं पडू देत नाही. 12 तासांच्या मुदतीत पोचवण्यासाठी अनुभवी धावपटू घोळका घेऊन पळतात, त्याला तिथे 'बस' म्हणतात. अर्ध्या अंतरानंतर आमच्यातला एक पोटऱ्यांत गोळे येऊन हैराण झाला, तेव्हा आम्ही तिघंही अशाच एका बसमध्ये शिरलो. कधी चालायचं, कधी पळायचं, हे सगळं पुढचा माणूस ओरडून सांगतो. मीठ लावलेले उकडलेले बटाटे त्या दिवसाइतके गोड मला कधी लागले नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जाच.

अमरावती

जैसलमेर ते लोंगेवाला, 100 किमी, डिसेंबर. आम्ही वऱ्हाडातले, उन्हाला घाबरत नाही. पण वाळवंटातल्या रात्रीची कल्पना नव्हती. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे सूर्य बुडाला की जमीन झपाट्याने निवते. तहान लागतच नाही. थंडीत ती दबते आणि लघवी मात्र जास्त होते. माझा जोडीदार घड्याळ लावून होता, वाजलं की "दादा, दोन घोट" म्हणायचा. दोनच, कारण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं. 1971 च्या डिसेंबरात ज्या जवानांनी तिथे रात्र काढली, त्यांची आठवण शेवटच्या टप्प्यात दोघांनाही आली. दोघंही गप्प झालो.

नाशिक

मी पळत नाही, माझे मिस्टर पळतात. त्यांच्या ग्रुपने जानेवारीत आपापली 50 किलोमीटरची पहाटेची दौड आखली होती. मी गाडीत गरम पाणी, गूळ-शेंगदाणे आणि गोधडी घेऊन पुढे पुढे थांबत होते. एका थांब्यावर त्यांचा मित्र एकटाच धावत पुढे आला आणि म्हणाला, "वहिनी, तो अडखळतोय आणि उत्तरं नीट देत नाहीये." मागून हे आले. मी विचारलं, "आज वार कोणता?" शब्द जड येत होते, वार काही सांगता येईना. हात लटलट कापत होते.

मग आम्ही वेळ घालवला नाही. ओले कपडे काढले, कोरडे घातले, डोक्याला मफलर, अंगाभोवती गोधडी, गाडीच्या काचा वर. गिळता येतंय याची खात्री करून घोट घोट गोड चहा दिला. हातपाय चोळायचे नाहीत, हे मला आमच्या डॉक्टर नणंदेने आधीच बजावलं होतं. आधी छाती-पोट ऊबेत घ्यायचं. थोड्या वेळाने ते नीट बोलायला लागले, तरी आम्ही तिथून सरळ दवाखान्यात गेलो. त्यांच्या मित्राने स्वतःची दौड तिथेच सोडली आणि तो आमच्याबरोबर आला. मला त्याचे आभार मानायला आजही शब्द सापडत नाहीत.

पुणे

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. नवख्यांनी हा अनुभव सोबत्याला वाचून दाखवा. जो थंडावतोय त्याला स्वतःला ते कळत नाही, शेजारच्याला कळतं.

सातारा

आमच्या गटाने पहिल्या अल्ट्राच्या आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. कुणी मागे पडला तर पुढच्याने उघड्यावर उभं राहायचं नाही, पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन आडोशाला कोरड्या कपड्यांत वाट पाहायची. मागच्याबरोबर मात्र एक जण कायम. हेडटॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायचे, कारण गारठ्यात ते लवकर उतरतात. ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांनी हे बोलून घ्या, धावताना बोलायला डोकं चालत नाही. यंदा फेब्रुवारीत लोणावळ्याच्या अल्ट्राला कोण कोण आहे? पहाटे सुरुवातीच्या जागी जादा मफलर लागला तर माझ्याकडे असेल.