मुभा, मोकळीक आणि 'तुझं तू बघ'

प्रश्न: 'घरात मुलांना मुभा आहे' आणि 'मोकळीक आहे' यांत फरक काय? मानसशास्त्रातल्या 'ऑटोनॉमी'ला यांतला कोणता शब्द चालेल?

कृष्णाकाठ: मुभा अरबी 'मुबाह'वरून आला, मनाई नसलेलं ते मुबाह. मुभा कुणीतरी देतो, म्हणून ती काढूनही घेता येते. 'मोकळीक'मध्ये देणारा पुसट होतो. शिवाय 'मोकळा' माणसामाणसांतही चालतो: मोकळं बोलणं, मन मोकळं करणं. मुभेनं कुणी बोलत नाही! ऑटोनॉमीला 'स्वायत्तता' ठेवा.

माणदेशी: स्वायत्तता म्हटलं की विद्यापीठ आठवतं. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत ऑटोनॉमी म्हणजे कुणावाचून न अडणं नव्हे, आपण करतोय ते आपल्या मनाचं वाटणं. थोरल्यांचं ऐकूनही माणूस आपखुशीनं वागतो. 'स्वावलंबन' लिहिलंत तर अर्थच फिरला. बाकी मुभेला आमच्या आटपाडीकडं चांगली जोड आहे, 'कासरा ढिला सोडणं'. दोर हातातच असतो. सुटला की जनावर मोकाट.

कृष्णाकाठ: कासरा पुन्हा आवळला की काय होतं, ते मानसशास्त्रज्ञ ब्रेहम यांनी १९६६ साली मांडलं. असलेली मोकळीक जातेय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट हट्टानं धरतो. मराठीत हा आवळ एकटा 'च' देतो: 'जत्रेला यायलाच पाहिजे.' उलट, फ्रान्समधल्या २००० सालच्या एका प्रयोगात अनोळखी लोकांकडं बसभाड्यासाठी सुटे पैसे मागितले. 'द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा' अशा अर्थाची जोड दिल्यावर देणारे १० टक्क्यांवरून ४७.५ टक्क्यांवर गेले.

प्रश्नकर्ता: म्हणजे 'तुमची मर्जी' म्हणायचं?

माणदेशी: नको, ते टोमण्यासारखं लागतं. 'जमत नसेल तर राहू दे' म्हणा. आणि नंतर 'का आला नाहीस?' विचारू नका, नाहीतर पुढच्या वेळी 'राहू दे'वर कोण विश्वास ठेवणार?

कृष्णाकाठ: 'तुझं तू बघ' वेगळं. त्यात निर्णयाबरोबर निस्तरणंही त्याच्याच गळ्यात. बोलणाऱ्याला वाटतं मोकळीक दिली, ऐकणाऱ्याला वाटतं हात झटकले. 'तुझं तू ठरव, काय लागलं तर सांग' यात निर्णय त्याचा, आणि माणूस मागं उभा.

माणदेशी: फक्त विचारल्याशिवाय सांगायला जाऊ नये. मागं उभं राहता राहता कासरा कधी हातात येतो, कळत नाही.