शिक्के थांबले की मुलांचे कन्नड वाचनही थांबते. वर्तनवादाकडे याचे उत्तर आहे का?

शिक्षिका, खानापूर तालुका
आमची शाळा मराठी माध्यमाची आहे. चौथीच्या मुलांची कन्नड अक्षरओळख पक्की व्हावी म्हणून बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दामागे वहीवर शिक्का देण्याची पद्धत मी सुरू केली आणि मुले चढाओढीने वाचू लागली. परंतु शिक्के बंद होताच बहुतेकांनी पुस्तक उघडणेच सोडले. प्रबलनाचा, म्हणजे बक्षीस देऊन वर्तन पक्के करण्याचा, वर्तनवादी सिद्धान्तच अपुरा आहे, की माझ्या पद्धतीत काही राहून गेले?

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी
मॅडम, आमच्या वेळी छडीच्या धाकाने कागुणित (कन्नड बाराखडी) तोंडपाठ होत असे. शिक्क्यांचे लाड कोणी केले नाहीत.

मानसशास्त्राचा प्राध्यापक, बेळगाव
सर, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी छडीचा हिशेब जुळत नाही. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९३८ साली मांडलेल्या एका प्रयोगात, अन्न मिळणे बंद झाल्यावरही तरफ दाबणाऱ्या काही उंदरांच्या पंजावर सुरुवातीला फटका बसत असे. त्यांचे तरफ दाबणे तेवढ्यापुरते मंदावले, मात्र अखेरीस त्यांनी तरफ दाबल्याची एकूण संख्या फटका न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली.

मॅडम, तुमच्या वर्गात जे घडले त्याला विलोपन म्हणतात, आणि सिद्धान्ताला तेच अपेक्षित आहे. प्रत्येक प्रतिसादाला प्रबलन मिळत असेल तर वर्तन लवकर रुजते, परंतु प्रबलन थांबल्याचे लगेच जाणवत असल्याने ते तितक्याच लवकर मावळते. याउलट अधूनमधून, केव्हा मिळेल हे न कळता मिळणाऱ्या प्रबलनावर पोसलेले वर्तन दीर्घकाळ टिकते. म्हणून शिक्के एकदम बंद न करता आधी दोन-तीन शब्दांमागे एक, मग पाच-सहा शब्दांमागे आणि पुढे अनियमितपणे द्यावेत. शाबासकी मात्र त्याच क्षणी द्यावी, शनिवारी एकगठ्ठा नव्हे.

डी.एड. विद्यार्थिनी, चिक्कोडी
एक पुरवणी जोडते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या अभ्यासात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ज्या बालवाडीतील मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिले, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. तेव्हा जी मुले आपणहून कन्नड वाचतात, त्यांना शिक्क्यांच्या हिशेबात ओढू नये, असे मला वाटते. वर्तनवाद इथे थोडा अडखळतो, हे मान्य करायला हवे.

मानसशास्त्राचा प्राध्यापक, बेळगाव
मुद्दा रास्त आहे. शिवाय शिक्का हे तात्पुरते, कृत्रिम प्रबलन आहे. त्याची जागा वाचनातूनच मिळणाऱ्या फळाने घ्यावी लागते.

शिक्षिका, खानापूर तालुका
सर्वांचे आभार. आमच्या मुलांना बसची पाटी वाचता आली तर बेळगावची गाडी कोणती आणि धारवाडची कोणती, हे कंडक्टरला विचारावे लागणार नाही. पुढच्या आठवड्यात धड्याऐवजी पाट्यांवरील गावांच्या नावांपासून सुरुवात करते आणि शिक्के हळूहळू विरळ करत नेते.