प्रतिसाद: आर्गॉनमध्ये नायट्रोजन मिसळावा का?

आयसीपी-एमएसवर (आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत, नमुन्यातल्या अणूंचे विद्युतभारित आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) खारट पाण्यात आर्सेनिक खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि आर्गॉनमध्ये थोडा नायट्रोजन मिसळला तर फरक पडेल का, असं वर विचारलंय. पडतो. ७५ वस्तुमानावर आर्सेनिकसोबत आर्गॉन ४० आणि मिठातलं क्लोरीन ३५ यांचा जोड-आयन येऊन बसतो. काही टक्के नायट्रोजनने तो बराच कमी होतो. पण फुकट काही मिळत नाही! नायट्रोजन आर्गॉनशी जुळून ५४ वर लोहाच्या वाटेत येतो आणि दोन नायट्रोजन मिळून २८ वर सिलिकॉनच्या.

मला स्वतःला कार्बनची युक्ती जास्त आवडते. आर्सेनिकची आयनीकरण ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ९.७९ आणि सेलेनियमची ९.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे बरीच जास्त, म्हणून आर्गॉन प्लाझ्मात दोन्ही अर्धवटच आयनित होतात. द्रावणात थोडं मिथेनॉल किंवा वायूत थोडा मिथेन असला की त्यांचा सिग्नल वाढतो. कार्बन आयनांकडून होणारं विद्युतभाराचं हस्तांतरण हे त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण. मात्र प्रमाण द्रावणांतही (तुलनेसाठीची, आधीच माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं) कार्बन तेवढाच ठेवा, नाहीतर उत्तर फसवं येईल. आणि क्रोमियम ५२ मोजत असाल तर हा नाद सोडा, आर्गॉन-कार्बन तिथेच येतो.