पोलीस भरतीत लाय डिटेक्टर: पकडणार काय, आणि चालवणार कोण?

कळवा_नाका: ठाण्याच्या भरती ग्रुपवर एकाने टाकलंय, "अमेरिकेसारखा लाय डिटेक्टर लावा, डमी (दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणारे) आणि गुन्हे लपवणारे एका फटक्यात बाहेर." खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. अहो, यंत्र खोटं ओळखतच नाही. श्वासासाठी छाती-पोटाभोवती दोन नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घामाचे इलेक्ट्रोड. झालं! मग "चोरी केली आहे का?" आणि "कधी कुणाला फसवलंय का?" या दोन प्रश्नांवरची उसळी ताडून बघायची. पहिल्यावर जास्त उसळलात तर खोटारडे. दुसऱ्या प्रश्नाला गुपचूप जीभ चावली की तुम्ही प्रामाणिक.

घणसोली_७: अर्धवट माहिती. अमेरिकेने 1988 च्या कायद्याने बहुतेक खाजगी नोकऱ्यांत ही चाचणी बंद केली, पण सरकारी खात्यांना सूट ठेवली. ते काय खुळे? खरं काम यंत्र सुरू होण्याआधीच्या मुलाखतीत होतं. प्रश्न आधीच वाचून दाखवतात, तिथेच उमेदवार गांजा, मारामारी, सगळं ओकतो.

कळवा_नाका: म्हणजे यंत्र नुसतं बुजगावणं. तुम्हीच कबूल केलंत, आभार. तिथल्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2003 मध्ये हिशेब मांडला: दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर असतील आणि त्यातले आठ पकडायचे, तर सुमारे सोळाशे निर्दोषही अडकतात. आणि सीआयएतला आल्ड्रिच एम्स मॉस्कोला गुपितं विकत असताना 1986 आणि 1991 ची चाचणी पास झाला.

साकेत_मैदान: डमीचा आणि घामाचा काय संबंध? मैदानावर, लेखीला आणि रुजू होताना बोटांचे ठसे घ्या, तिन्ही जुळवा. विषय संपला. त्यापेक्षा 2024 च्या भरतीची मैदानी चाचणी जूनमध्ये का ठेवली ते विचारा. चिखलात 1600 मीटर, त्यावर 20 गुण!

पाचपाखाडी_वकील: पावसाचा वेगळा धागा काढा. सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी निकाल, 2010: संमतीशिवाय पॉलिग्राफ, म्हणजे हाच लाय डिटेक्टर, नाही.

घणसोली_७: तो गुन्ह्याच्या तपासाबद्दल आहे, ताई. भरतीचा अर्ज कुणी जबरदस्तीने भरून घेत नाही.

पाचपाखाडी_वकील: "नको" म्हटलं की नाव यादीबाहेर, ही कसली संमती? गुन्हा लपवणाऱ्यांसाठी साक्षांकन नमुना (उमेदवाराने स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) आहेच, आणि पोरं अडकतात तीही तिथेच. विचारलेलं असतं "कधी गुन्हा दाखल झाला होता का?" गावच्या भांडणात तडजोड झाली, निर्दोष सुटला, म्हणून पोरगा "नाही" लिहितो. चारित्र्य पडताळणीत नोंद सापडते आणि निवड रद्द! गुन्ह्यापेक्षा लपवणं महागात पडतं. अवतार सिंग निकालात (2016) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की किरकोळ प्रकरण असेल तर लपवलेलंही माफ करता येतं, पण तो अधिकार नेमणाऱ्याचा. म्हणून "होय" लिहा, गुन्हा क्रमांक, कलमं, निकालाची तारीख द्या, निकालाची प्रत जोडा.

साकेत_मैदान: भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीसाठी ऐरोलीत दोन वर्षं भाड्याने राहायचं आणि नमुन्यात फक्त गावचा पत्ता टाकायचा, हेही सर्रास. पडताळणी गावच्या पोलीस ठाण्यात, भानगडी इथल्या.

घणसोली_७: म्हणजे पडताळणीला भोक आहे. मी तेच म्हणतोय!

कळवा_नाका: भोक तिथे बुजवा ना. 2024 च्या भरतीत 17,471 पदं होती. एका चाचणीत दहाएक प्रश्न, मध्ये 25 सेकंदांचा थांबा, तीच फेरी तीनदा, शिवाय तुमची लाडकी मुलाखत. एक तज्ज्ञ दिवसाला दोन जण तपासणार, वर्षाला 250 दिवस. एकटा असेल तर 35 वर्षं.

घणसोली_७: बरं, सगळ्यांना नको. फक्त ज्यांच्या पडताळणीत शंका आहे त्यांना.

पाचपाखाडी_वकील: शंका आहे तर पोलीस ठाण्याची नोंदवही उघडा. ती घामावर चालत नाही.