चुकलेल्या पंचाने शिट्टी ठेवून द्यावी म्हणणाऱ्यांना

कोपरारक्षक_लातूर:
काल इथं एकाने लिहिलं, "शालेय कबड्डीत ज्या पंचाचा निर्णय चुकला त्याने तिथल्या तिथे माईकवर माफी मागावी आणि त्या मोसमात परत शिट्टी धरू नये." खाली शाबासक्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या मैदानावर सकाळपासून उभे राहून बघा एकदा. दोन सामन्यांत चुन्याच्या रेषा पुसल्या जातात, निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) अंदाजानेच बघायची. तीस सेकंदांच्या चढाईत बोनसला, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या जादा गुणाला, मागचा पाय हवेत होता का, दम सुटला का, बोट लागलं का, सगळं दोन डोळ्यांनी. रिव्ह्यू फक्त टीव्हीवर.

मागच्या हंगामात एका कॉलेजच्या पोराने पहिल्यांदाच पंचगिरी केली. चढाईपटूने आधी टच केला, मग राखीव क्षेत्रात गेला, म्हणजे कडेच्या पट्टीत; टच न करता तिथे गेला तरच बाद. याला टच दिसलाच नाही, बाद दिला. चूकच. पण खरा घोटाळा पुढे झाला. मनाला लागलं म्हणून भरपाईला त्याने समोरच्या संघाचा स्वच्छ बोनस नाकारला. म्हणजे दोन्हीकडची पोरं लुटली. पंचाला शिकवायचं ते हे, की मागची चढाई मागे टाक, पुढची कोऱ्या डोक्याने बघ. माईकवर उभं केलंत तर तो दर शिट्टीला प्रेक्षकांची तोंडं बघत बसेल.

परभणीची_आई:
कोऱ्या डोक्याने! छान. माझी मुलगी सतरा वर्षांखालील जिल्हा सामन्यात शेवटच्या मिनिटाला अशीच बाद दिली गेली. संघ विभागाला गेला नाही, दहावीच्या सवलतीच्या गुणांची आशा तिथेच संपली. पंचसाहेब कोऱ्या डोक्याने चहा प्यायला गेले. मुलगी आठवडाभर नीट जेवली नाही. तिचं डोकं कोणी कोरं करायचं?

जिंतूर_एक्सप्रेस:
ताई, चूक म्हणू नका त्याला. तुम्ही सगळे चूक चूक करायलात, पण पंच कोण हाय ते कुणीच विचारेना. निम्म्या ठिकाणी खेळणाऱ्याच शाळेचा नाहीतर शेजारच्या शाळेचा क्रीडाशिक्षक शिट्टी घेऊन उभा. आपल्या पोरांची चढाई आली की ह्याला दम ऐकू येतो, दुसऱ्याची आली की कान बंद. ह्याला मानसिक ताण म्हणायचं व्हय?

कोपरारक्षक_लातूर:
विषय पंचाच्या चुकीचा आहे, लबाडीचा नाही.

जिंतूर_एक्सप्रेस:
बाहेरून सारखंच दिसतंय की हो. आमच्या तालुक्यात एकानेच लॉट काढले, पंच नेमले आन् बक्षीसही त्याच्याच संघाने नेलं. सांगा मग, मनाला काय लावून घेईल त्यो!

क्रीडाशिक्षक_बीड:
जिंतूरवाले, जरा जपून बोला. त्या क्रीडाशिक्षकाच्या गळ्यात शिट्टी का येते? बाहेरचा पंच यायला तयार नसतो म्हणून. मानधन पेट्रोलला पुरत नाही, तेही दिवाळीनंतर मिळतं. वर पालक अंगावर धावून येतात. 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ मारली गेली, पैलवानावर तीन वर्षांची बंदी आली. तिथे निदान कॅमेरे होते. आमच्या मैदानावर लाथ बसली तर एफआयआर लिहायलाही स्वतःच रिक्षाने जायचं.

जिंतूर_एक्सप्रेस:
लाथ चूकच. पण तो निर्णय बरोबर होता का, ह्यावर किती जण बोलले?

क्रीडाशिक्षक_बीड:
म्हणजे लाथेचं समर्थन?

जिंतूर_एक्सप्रेस:
"चूकच" लिहिलंय की वर. वाचता येतं ना गुरुजी?

माजी_रेषापंच:
दोघंही शांत व्हा. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण फायनल याच राखीव क्षेत्रावरून अडली होती. नियम जुना धरायचा की नवा, यावर तासभर वाद, निर्णय खालीवर, शेवटी भारत 33-29 ने जिंकला. तिथले पंच गोंधळतात, तर मानवतसारख्या तालुक्याच्या नवख्या पोराकडून काय अपेक्षा? आणि 2019 च्या क्रिकेट विश्वचषक फायनलला ओव्हरथ्रोवर पाचऐवजी सहा धावा दिल्या गेल्या. पंच धर्मसेनाने नंतर चूक मान्य केली, पण पश्चात्ताप नाही असंही सांगितलं.

परभणीची_आई:
त्याने मान्य तरी केली! मला तेवढंच हवं होतं. माईकवर नको, पण सामन्यानंतर मुलीजवळ येऊन "बाळा, टच मला दिसला नाही" म्हटलं असतं तर हात झिजले असते का?

कोपरारक्षक_लातूर:
हे मान्य. सामना संपल्यावर, खेळाडूशी, चार लोकांत तमाशा न करता. फक्त तेव्हा मागे मामा-काका मोबाईल धरून उभे नसावेत.

परभणीची_आई:
मामा पुण्यात असतात. मी एकटीच होते.

क्रीडाशिक्षक_बीड:
आणि दोन पंचांचं जुळलं नाही तर सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, असतोच. नवखा अडला तर त्याने दुसऱ्या पंचाकडे बघावं, लाज कसली? अर्धे घोळ तिथेच मिटतात. आमचे लोक तेवढंही करत नाहीत, हे कबूल.

जिंतूर_एक्सप्रेस:
गुरुजींनी कबूल केलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

क्रीडाशिक्षक_बीड:
काढा. आणि येत्या सामन्यांना पंच कमी आहेत, तुम्हीच या की. तुमच्या तालुक्याचा एकही संघ नाही, म्हणजे लबाडीचा प्रश्नच नाही.

जिंतूर_एक्सप्रेस:
मानधन दिवाळीआधी की नंतर?

क्रीडाशिक्षक_बीड:
नंतर.

जिंतूर_एक्सप्रेस:
सोयाबीन काढणी हाय हो तवा.