मिस्टरांचे फ्रेंच पूर्वज १७०० साली व्हर्जिनियाला आले म्हणतात, शोध कुठून सुरू करू?

वैदेही_रिचमंड
नमस्कार मंडळी, मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन व्हर्जिनियात आले. मिस्टर इथलेच, त्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून सांगत आलेत की मूळ पुरुष फ्रेंच ह्यूगनो, म्हणजे तिकडचा प्रॉटेस्टंट, धर्मासाठी छळ झाला म्हणून देश सोडून १७०० साली मॅनकिनला आला. आडनाव आता पक्कं इंग्रजी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हे नक्की कळावं असं फार वाटतं. तीन आठवडे फ्रान्सच्या दफ्तरांच्या साइटवर तेच आडनाव शोधतेय, एक ओळ मिळाली नाही. हातात फक्त घरचं बायबल, त्यात सगळ्यात जुनी नोंद "३ फेब्रुवारी १७५०/५१, कंबरलँड". दोन वर्षं का लिहिलीत तेही कळेना. डीएनए टेस्ट करू का?

जुनं_दफ्तर
वैदेहीताई, फ्रान्स सध्या बाजूला ठेवा. इंग्रजांच्या राज्यात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून तो फेब्रुवारी त्यांचा १७५० आणि आपला १७५१. आता कंबरलँड बघा, कारण खरी मेख तिथेच आहे. मॅनकिन म्हणजे जेम्स नदीकाठचं, मोनाकन या तिथल्या मूळ आदिवासी लोकांनी सोडलेलं गाव, जुलै १७०० मध्ये पहिलं जहाज आलं तेव्हा ते हेन्रिको काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) होतं. १७२८ मध्ये गूचलँड झालं, १७४९ मध्ये नदीच्या दक्षिणेचा भाग कंबरलँडला गेला आणि १७७७ मध्ये पाउहॅटनला. जमीन तीच, कागद चार कचेऱ्यांत! म्हणजे या बाळाच्या वडिलांचे जमिनीचे व्यवहार १७४९ च्या आधीचे असतील तर गूचलँडला बघायचे आणि आजोबांचं मृत्युपत्र कदाचित हेन्रिकोला. शिवाय या वसाहतीसाठी किंग विल्यम पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) काढली होती, तिची १७०७ ते १७५० ची वही छापलेली आहे, मूळ वहीतली सुरुवातीची पानं फ्रेंचमध्ये, कर भरणाऱ्या पुरुषांच्या वर्षावर्षाच्या याद्या आहेत. ती आधी काढा.

मंदार_नाशिक
आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला गुरुजी आधी गाव विचारतात मग आडनाव, आणि मग वहीत सात पिढ्या निघतात, इथेही गावच महत्त्वाचं. आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. ल ब्लांचे व्हाइट झाले, दुब्वाचे वुड. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरचे वडीलसुद्धा बोर्दोजवळून आलेले अपोलोस रिव्ह्वार. नाव बदललं तरी साक्षीदार आणि बाप्तिस्म्याचे गॉडपेरंट (बाळाचे धर्ममाता-धर्मपिता) बहुतेक ओळखीतलेच असायचे, ती नावं वेगळी लिहून ठेवा. आणि १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारं नांतचं फर्मान रद्द झाल्यावर खूप लोक आधी लंडनला गेले, तिथल्या थ्रेडनीडल स्ट्रीटच्या फ्रेंच चर्चमध्ये नवा माणूस जुन्या चर्चचा दाखला आणायचा. त्या दाखल्यांच्या नोंदी छापल्यात, बऱ्याच ठिकाणी गाव दिलेलं असतं.

ल्योंची_अनघा
डीएनएवर एवढ्यात पैसे घालू नकोस गं. फ्रान्समध्ये घरगुती वंशावळीची टेस्ट कायद्याने बंद आहे, त्यामुळे इकडचे मॅच फार थोडे. गाव कळलं की मात्र लगेच इथे ये, जिल्हा दफ्तरांची रजिस्टरं फुकट दिसतात. फक्त १६८५ नंतर प्रॉटेस्टंट चर्चच बंद, त्यामुळे मागे राहिलेल्यांचे बाप्तिस्मे कॅथलिक रजिस्टरात सापडतात, ते बघून वंशच चुकला असं समजू नको. जुनं हस्ताक्षर लागलं नाही तर पान टाक इथे, मी वाचून देते.

वैदेही_रिचमंड
किती मदत केलीत सगळ्यांनी! आत्ताच सासूबाईंना फोन केला, त्या नोंदीखाली कोण कोण आहे विचारलं, त्यांनी भिंग घेऊन एकेक अक्षर वाचलं. बाळाचे गॉडपेरंट दोघं, आणि दोन्ही आडनावं फ्रेंच! पॅरिशच्या वहीत आधी तीच शोधते, आणि शुक्रवारी सुट्टी घेऊन गूचलँडच्या कोर्टात जाते.